छपरावरचं अनुदान आणि बंबातलं पाणी

नमस्कार श्रोतेहो.

घरात फ्रीज असेल तर एक काम करा. रेडिओ चालूच राहू द्या, आणि फ्रीजच्या मागच्या किंवा बाजूच्या पत्र्याला हात लावून बघा. कोमट लागेल. आत दूध गार होतंय आणि बाहेर पत्रा तापतोय. आतली उष्णता उचलून बाहेर टाकणं, एवढंच काम फ्रीज चोवीस तास करतो. आता हीच करामत उलटी करा. बाहेरच्या हवेतली उष्णता उचलायची आणि पाण्याच्या टाकीत सोडायची. त्या यंत्राला हीट पंप म्हणतात. त्याच्याबद्दल, आणि त्याहून जास्त त्याच्याभोवतीच्या सरकारी अनुदानांबद्दल आज बोलायचं आहे.

मी सोलापुरात तीस वर्षं वायरमनचं काम करतो. माझ्या कामाचा मोठा भाग म्हणजे गिझर उघडणं. आपल्या बोअरच्या पाण्याचं काय सांगू! कॉइल बाहेर काढली की तिच्यावर पांढऱ्या क्षाराचा बोटभर थर असतो. हातोडीने हलकेच ठोकला की खपल्या पडतात, अंड्याच्या कवचासारख्या. त्या थराच्या आत अडकलेली कॉइल बिचारी जळत राहते आणि मीटर पळत राहतो. कॉइल बदलायची, दोन वर्षांनी पुन्हा तीच. म्हणून पाणी तापवण्याचा खर्च हा विषय माझ्यासाठी पुस्तकातला नाही.

माझ्या लहानपणी घरात तांब्याचा बंब होता. आई पहाटे पाचला उठून त्याच्या पोटात चिपाडं, भुसा, तुराट्या घालायची. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, संक्रांतीच्या थंडीत, अंगणभर धूर व्हायचा आणि आई डोळे पुसत फुंकर मारत बसायची. आम्हाला कढत पाणी मिळायचं, तिला खोकला. नंतर गिझर आला तेव्हा तिला झालेला आनंद मी विसरलेलो नाही. तेव्हा गिझरला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. पण गिझर विजेतून थेट उष्णता करतो. एका युनिटची वीज घालाल तर फार तर एका युनिटची उष्णता मिळेल, जास्त नाही. आणि ती वीज येते कुठून? आपल्याच दक्षिण सोलापूर तालुक्यात एनटीपीसीचा 1,320 मेगावॅटचा प्रकल्प आहे. तिथे कोळसा जाळतात. कोळशाच्या उष्णतेतली जेमतेम चाळीस टक्के विजेत उतरते, बाकीची चिमणीतून आणि पाण्याच्या वाफेतून निघून जाते. म्हणजे उष्णतेची वीज केली, त्यात निम्म्याहून जास्त गमावली, तारेतून घरी आणली, आणि इथे तिची परत उष्णता केली.

हीट पंप विजेतून उष्णता करत नाही, विजेने ती वाहून आणतो. आत एक गॅस असतो. तो कमी दाबाला हवेतली उष्णता शोषून उकळतो, कॉम्प्रेसर त्याला दाबून गरम करतो, आणि मग तो आपली उष्णता पाण्याला देऊन पुन्हा पातळ होतो. वीज लागते ती कॉम्प्रेसर आणि पंखा फिरवायला. त्यामुळे एका युनिटमागे तीन-साडेतीन युनिटची उष्णता पाण्यात येते. यात जादू काही नाही, जादाची उष्णता हवेतली आहे. आणि हवा जितकी गरम, तितकं पंपाला काम हलकं. सोलापूरकरांना हवेतल्या उष्णतेची टंचाई कधी पडली आहे का?

कल्पना नवी नाही. शास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिन यांनी ती 1852 मध्ये मांडली आणि त्याच दशकात अभियंते पीटर फॉन रिटिंगर यांनी ऑस्ट्रियात मिठाच्या कारखान्यासाठी असं यंत्र चालवूनही दाखवलं. पण घराघरात ते गेलं ते थंड देशांत. 1973 च्या तेलटंचाईने स्वीडनला चटका दिला आणि तेल जाळून घर उबदार ठेवणं परवडेना, तेव्हा तिथे हीट पंप वाढले. नॉर्वेमध्ये आज निम्म्याहून जास्त घरांत हीट पंप आहे. जिथे बाहेर बर्फ असतो तिथे लोक हवेतून ऊब काढतात, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं.

तिथली सरकारं यासाठी किती पैसे देतात ते ऐका. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2022 पासून गॅसचा बॉयलर काढून हीट पंप बसवणाऱ्याला अनुदान मिळतं. सुरुवातीला ते 5,000 पौंड होतं, ऑक्टोबर 2023 पासून 7,500 पौंड झालं. आपल्या रुपयांत आठ लाखांच्या वर जातं. ते मागायला घरमालकाला खेटे घालावे लागत नाहीत. प्रमाणपत्र असलेला बसवणारा स्वतः अर्ज करतो आणि मालकाच्या बिलातूनच ती रक्कम वजा होते. जर्मनीत 2024 पासूनच्या नियमात तर मला फारच आवडलेली गोष्ट आहे. मूळ अनुदान खर्चाच्या 30 टक्के. जुनी गॅसची किंवा तेलाची भट्टी लवकर काढली तर त्यावर आणखी. आणि घराचं वर्षाचं करपात्र उत्पन्न 40,000 युरोपर्यंत असेल तर आणखी 30 टक्के. सगळं मिळून 70 टक्क्यांपर्यंत, एका घराला जास्तीत जास्त 21,000 युरो. ज्याची ऐपत कमी त्याला हात जास्त, हे तत्त्व तिथे थेट आकड्यात उतरवलंय.

ते देश एवढा पैसा का ओततात? कारण तिथे आंघोळीचं पाणी ही छोटी गोष्ट आहे, सहा-सात महिने अख्खं घर तापवावं लागतं. आपल्याला घर तापवायचं नाही, मे महिन्यात तर ते कसं गार ठेवायचं हीच पंचाईत. म्हणून तिथली योजना जशीच्या तशी इथे आणा, असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे हीट पंपाचा उपयोग फक्त गरम पाण्यापुरता.

तर मग आपल्याला काय मिळतं? आपल्याकडे अनुदान छपराला मिळतं. जानेवारी 2024 मधला तो आठवडा सोलापूरकरांच्या लक्षात असेल. 19 तारखेला कुंभारीच्या रे नगरमध्ये विडी कामगार, यंत्रमाग कामगार अशा कष्टकऱ्यांना 15,000 घरांचं वाटप झालं, आणि 22 तारखेला एक कोटी घरांच्या छपरावर सौर पॅनेल बसवण्याची घोषणा झाली. फेब्रुवारीत तीच प्रधानमंत्री सूर्यघर मोफत बिजली योजना म्हणून सुरू झाली. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30,000 रुपये, तिसऱ्या किलोवॅटला 18,000. तीन किंवा त्याहून मोठ्या संचाला मिळून 78,000, त्यापुढे वाढत नाही. सोसायटीच्या सामायिक वापरासाठी, म्हणजे जिन्यातले दिवे, लिफ्ट, पाण्याची मोटर यांच्यासाठी किलोवॅटला 18,000. महिन्याला 100 युनिटपर्यंतच वीज वापरणाऱ्या छोट्या ग्राहकांसाठी महाराष्ट्र शासनाने 2025 मध्ये स्मार्ट नावाची योजना वर जोडली. एका किलोवॅटचा खर्च साधारण 50,000 धरलाय. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला केंद्राचे 30,000 आणि राज्याचे 17,500 मिळतात, पदरचे फक्त 2,500 भरायचे. अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला 5,000 आणि सर्वसाधारण गटाला 10,000 भरावे लागतात. जर्मनीच्या त्या तत्त्वाची आठवण मला इथे झाली, आणि बरं वाटलं.

आता एक गोष्ट कान देऊन ऐका. हे पैसे पॅनेलसाठी आहेत, हीट पंपासाठी नाहीत. कोणी दुकानदार म्हणाला की हीट पंप घ्या, सूर्यघरमधून अनुदान मिळवून देतो, तर त्याला दारातूनच नमस्कार करा.

मग मी या दोन गोष्टी एकत्र का आणतोय? हिशेब करू या. एका किलोवॅटला छपरावर साधारण 100 चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. आता एक बारा माणसांचं घर धरा. आजी-आजोबा, तीन भाऊ, सुना, नातवंडं. शहराच्या पूर्व भागात अशी घरं अजून आहेत. बादलीने आंघोळ केली तरी आंघोळी आणि भांडी मिळून 200 लिटर गरम पाणी सहज लागतं. थंडीत 22 अंशांचं पाणी 50 अंशांवर न्यायचं तर गिझरला रोज साडेसहा युनिट हवीत. म्हणजे एका किलोवॅटचं अख्खं छप्पर गिझरने खाल्लं आणि वर अडीच युनिट उसनी घेतली. तेच काम हीट पंप दोन युनिटांत करतो. छपराची निम्मी वीज पंखे आणि दिव्यांना उरते. सरकारने छपरासाठी दिलेल्या 30,000 रुपयांना आपण गिझर जोडतो की हीट पंप, यावर त्या पैशाचं काय होणार ते ठरतं.

शिवाय हीट पंप दुपारी चालवता येतो. पॅनेल भरात असताना टायमर लावा. चांगलं आवरण असलेली टाकी दुपारचं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गरम ठेवते. बॅटरी घ्यायला नको, टाकीच आपली बॅटरी. गिझरला पहाटेच वीज हवी असते, नेमकी तेव्हा जेव्हा छपरावर ऊन नसतं. नेट मीटर असला तर दुपारची वीज जमा होऊन हिशेबात वळती होते, हे खरं. पण आपली वीज आपल्याच घरात, बनल्या बनल्या वापरली गेली तर ती सगळ्यात बरी.

आणखी एक फायदा आमच्या धंद्यातला. क्षार बसण्याचा वेग तापमानाबरोबर वाढतो. गिझरची कॉइल थेट पाण्यात असते आणि तिचा पत्रा पाण्यापेक्षा खूप जास्त तापतो, हीट पंप 50-55 अंशांवर हळूहळू तापवतो, म्हणून थर कमी साचतो. कमी साचतो म्हणालो, साचत नाही असं नाही. टाकीत मॅग्नेशियमचा एक दांडा असतो, तो स्वतः झिजतो आणि टाकी गंजू देत नाही. त्याला एनोड म्हणतात. आपल्या पाण्यात तो दर वर्षी उघडून बघायचा, बारीक झाला असेल तर बदलायचा. विकणारा हे सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

पण सगळ्यांनी हीट पंप घ्यावा का? मुळीच नाही. चार माणसांचं घर, रोज चार बादल्या. एका बादलीला गिझरमध्ये अर्ध्या युनिटाहूनही कमी वीज जाते. त्यासाठी लाखभराचं यंत्र आणून बसवलं तर ते पैसे वसूल व्हायला आयुष्य जाईल. ज्यांच्या गच्चीवर सोलर हीटर नीट चालू आहे त्यांनी तो मुळीच काढू नये, उन्हाने थेट तापवलेल्या पाण्यासारखं स्वस्त पाणी नाही. पूर्वी त्या हीटरला केंद्राचं अनुदान होतं, ते बंद झालं. माझ्या मते चूक झाली. हीट पंप शोभतो तो मोठ्या एकत्र कुटुंबाला, वसतिगृहाला, बाळंतिणींच्या दवाखान्याला, लॉजला, खानावळीला. जिथे रोज शेकडो लिटर कढत पाणी लागतं तिथे. आणि अशा ठिकाणांसाठी, निदान विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांसाठी आणि धर्मादाय दवाखान्यांसाठी, सरकारने हीट पंपालाही थेट अनुदान द्यावं असं मला मनापासून वाटतं. एका वसतिगृहात मी जानेवारीच्या सकाळी सहा वाजता गेलो होतो. दोन गिझर, चाळीस मुली, बाहेर बादल्यांची रांग. शेवटच्या दहा-बारा जणी गार पाण्यानेच आंघोळ करून परीक्षेला गेल्या.

आता छपराबद्दल दोन अनुभवाच्या गोष्टी. पहिली सावलीची. माझ्या मेहुण्याच्या गच्चीवर संच बसला तेव्हा मी गावाला होतो. आलो तर बघतो, पाण्याची काळी टाकी पॅनेलच्या पूर्वेला उभी. सकाळी साडेनऊपर्यंत टाकीची सावली दोन पॅनेलवर पडायची. पॅनेल एका माळेत जोडलेले असतात, एकावर सावली आली की अख्ख्या माळेची वीज खाली येते. वर्षानुवर्षं काही दिवसांआड पाणी बघितलेलं हे शहर, प्रत्येक गच्चीवर दोन-दोन टाक्या असणारच. तेव्हा पॅनेल बसवायच्या आधी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता स्वतः गच्चीवर जा आणि खडूने सावलीची रेघ मारा. रेघेच्या बाहेर पॅनेल, तोंड दक्षिणेला. मेहुण्याची टाकी शेवटी आम्ही उत्तरेच्या कोपऱ्यात हलवली. प्लंबिंगचा खर्च त्याच्याच माथी बसला. आणि मे महिन्यात वीज थोडी कमी दिसली तर घाबरू नका. पॅनेलला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. पॅनेल 60-65 अंशांवर गेला की त्याची ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते. धूळ मात्र पुसत राहा, सकाळी, पॅनेल गार असताना.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि ती सांगताना मला आजही राग येतो. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून एकाने अनुदान मंजूर करून देतो म्हणून 8,000 रुपये रोख नेले. पावती नाही, काही नाही. अर्जच केलेला नव्हता. श्रोतेहो, सूर्यघरचा अर्ज पोर्टलवर फुकट होतो. लाइट बिलावरचा ग्राहक क्रमांक, मोबाइल, एवढ्यावर सुरुवात होते. बसवणारा पोर्टलवर नोंदवलेल्या यादीतलाच निवडायचा. पॅनेल भारतात बनलेले, त्यांच्यातले सेलही भारतीय, ही अट आहे, तेव्हा पॅनेलच्या मागचं लेबल वाचून घ्या. संच बसला, महावितरणचा नेट मीटर लागला, तपासणी झाली, की तुम्ही बँकेचा तपशील भरायचा आणि अनुदान थेट तुमच्या खात्यात येतं. कोणाच्या हातातून येत नाही. म्हणून कोणाच्या हातात द्यायचंही नाही. इंग्लंडसारखं बिलातून वजा होत नाही, सहसा आधी पूर्ण रक्कम उभी करावी लागते, ही आपल्याकडची खरी अडचण आहे. त्यासाठी राष्ट्रीयीकृत बँका तारण न घेता कमी व्याजाचं कर्ज देतात. सावकाराकडे जाण्याआधी बँकेत विचारा.

आणि आता ती गोष्ट, जिच्यावर आपल्या जुन्या पेठांमधले सगळ्यात जास्त अर्ज अडतात. लाइट बिल कोणाच्या नावावर आहे?

आमच्या शेजारी एक अक्का राहतात. विड्या वळतात. दिवसभर सुपात पानं-तंबाखू घेऊन उंबऱ्यात बसायचं, कात्रीने पान कापायचं, दोरा गुंडाळायचा. संध्याकाळी पाठ धरते, तेव्हा गरम पाण्याची बादली हाच त्यांचा दवाखाना. त्यांनी मला विचारलं, "दादा, तुम्ही रेडिओवर सांगणार आहात तो पंप मी बसवू का?" मी म्हटलं, "अक्का, तुमच्या घरात तीन माणसं. पंप नको. पण पिवळं रेशन कार्ड आहे, वापर शंभर युनिटच्या आत आहे, बाकी घरावर पत्रा असला तरी स्वयंपाकघरावर स्लॅब आहे. एक किलोवॅट बसतो तुमचा, 2,500 रुपयांत." त्या आत गेल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली बिलं घेऊन आल्या. एकावर एक, तारखेप्रमाणे लावलेली. मी वरचं बिल उलगडलं. नाव त्यांच्या सासऱ्यांचं. सासरे जाऊन एकोणीस वर्षं झाली. बिल मात्र त्या दर महिन्याला, एकदाही न चुकवता, भरत आल्या आहेत.

अनुदान बिलावरच्या ग्राहकाच्या नावाने येतं. खातं अक्कांचं आणि बिल सासऱ्यांचं असेल तर पैसे अडकणार. म्हणून आधी महावितरणकडे नावबदल करायचा. त्याला मृत्यूचा दाखला लागतो, घराचा उतारा किंवा घरपट्टीची पावती लागते, आणि बाकीच्या वारसांची संमती. अक्कांचे एक दीर भिवंडीला असतात, नणंद अक्कलकोटला. नणंदेची सही झाली आहे. दिरांना फोन केला तर म्हणाले, "वहिनी, बिल तूच भरतेस, नाव तुझंच पाहिजे." शनिवारच्या गाडीने ते येतायत.

सोमवारी सकाळी आम्ही तिघं ऑफिसात जाणार आहोत. अक्कांनी ती पिशवी आत्ताच दाराच्या खिळ्याला अडकवून ठेवली आहे.

नमस्कार.